ओझ्याची गाडी

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार संथ गतीने प्रवेश करू लागली, म्हणजे जमलेल्या हजारोंच्या नजरा क्षणभर पूजेच्या मांडवावरून ढळून त्या दीर्घ, गंभीर, लखलखीत यंत्राकडे वळतात, आणि त्या नजरांत कौतुकाइतकीच एक प्रकारची दरबारी अदबही असते. हे योग्यच आहे. राजवैभवाची जी थोडी चिन्हे काळाच्या तडाख्यातून सुटली त्यांत ही मोटार मोडते, आणि तिची निगा राखणाऱ्यांचे ऋण नगराने मान्य केले पाहिजे. तथापि तो सोहळा पाहून परतताना माझ्या मनात दरवर्षी एक काहीसा अप्रस्तुत विचार डोकावतो. ज्या काळात अशा मोटारी राजवाड्यातून बाहेर पडत होत्या त्याच काळात, आणि त्याच्या मागोमागही, याच नगराच्या रस्त्यांवरून गुळाच्या ढेपा, सरकीची पोती, पंपांचे सांगाडे आणि प्रसंगी एखादे अख्खे वऱ्हाड वाहून नेता नेता ज्या गाड्या झिजून गेल्या, त्यांची गणती कोणत्या दफ्तरात आहे? मोटार राजाची असली की तिला वारस मिळतो. हमाली करणाऱ्या गाडीला भंगारवाला मिळतो, आणि तो तिची किंमत वजनकाट्यावर करतो.

ओझ्याच्या गाड्यांतही पिकअपची जात अधिकच उपेक्षित. ती धड ट्रक नव्हे, धड मोटार नव्हे. अमेरिकेत हा प्रकार मुळात शेतकऱ्यांच्या खटपटीतून निघाला. मोटारीचा मागचा भाग काढून टाकून तेथे फळ्यांची पेटी बसविण्याचा उद्योग तेथील लोक आपापल्या खळ्यात करीतच होते, आणि ते पाहून फोर्ड कंपनीने १९२५ च्या एप्रिलात आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातूनच तशी पेटी जोडून ती २८१ डॉलरांना विकावयास काढली. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ च्या उन्हाळ्यात, शेव्हरोलेने आपल्या मालवाहू गाड्यांना जो नवा घाट दिला आणि १९५५ च्या आरंभापर्यंत चालविला, तो या साऱ्या वंशातील सर्वांत देखणा, असे माझे मत आहे, आणि त्या मतात कौटुंबिक पक्षपात मिसळलेला आहे हेही मी मान्य करतो. तिघांना मांडीला मांडी न लावता बसता येईल एवढी रुंद, गोलसर कॅब, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, भरदार मडगार्डांत बसविलेले दिवे, आणि दोन चाकजोड्यांत ११६ इंचांचे अंतर असलेली अर्ध्या टनाची ‘३१००’. या गाडीच्या चेहऱ्यावर गर्व नाही. कोणी काही उचलून ठेवावयास सांगेल काय, याची ती वाट पाहत असल्यागत दिसते.

या गाड्या कोल्हापुरापर्यंत पोचण्याचा मार्ग शिवडीहून येत होता. शेव्हरोले ज्या कंपनीची, त्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना उघडला होता. खोक्यांत बंद झालेले सुटे भाग बोटीने येत आणि तेथे त्यांच्या गाड्या उभ्या राहत. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली, त्या सुमाराच्या सरकारी ताफ्यातही बेडफर्डच्या जोडीला शेव्हरोले होत्या. पुढे, ज्यांना केवळ जुळणी करावयाची नसून देशातच गाड्या निर्माण करावयाच्या आहेत त्यांनीच येथे राहावे, असे धोरण सरकारने अंगीकारले, आणि १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद पडला. म्हणजे आमच्या घरची शेव्हरोले पिकअप त्या अमदानीच्या अखेरच्या पर्वातली. ती १९५१ ची. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, आणि राजर्षी शाहूंनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीच्या गूळबाजारात आमच्या आजोबांची अडतीची पेढी होती. त्या पेढीच्या खतावणीत मुनिमाने मोडीत ‘शेवरलेट खाते’ असे स्वतंत्र खाते घातलेले आहे, आणि बैलजोडीच्या खात्यात जसा पेंड, कडबा, पत्री यांचा खर्च पडतो तसा या खात्यात पेट्रोल, टायर, ड्रायव्हरचा पगार आणि चहापाणी यांचा तपशील पडलेला आहे. त्यांतली एक नोंद पुढे आमच्या फार उपयोगी पडली, म्हणून आताच सांगून ठेवतो: ‘डावे मडगार्ड, बाजारात बैलाने शिंग मारले. दुरुस्ती नको, चालते आहे.’

आजोबांच्या पश्चात अडत मोडली, आणि गाडी नदीकाठच्या मळ्यातल्या शेडमध्ये जाऊन बसली. तेथे तिच्यावर काय काय साठले याची यादी करण्यात अर्थ नाही. कोणत्याही शेतकरी घरात जे टाकवत नाही आणि वापरवत नाही ते सारे. तिला मोडीत काढण्याचा विषय निघाला की आई म्हणे, “असू दे. ती काय खायला मागत नाही.” मग २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचा महापूर आला. पाणी शेडमध्ये शिरले, बॉनेटपर्यंत चढले, आणि ओसरले तेव्हा सीटवर, गिअरच्या पेटीत, तेलाच्या टाकीत, सर्वत्र बारीक, चिकट, काळसर गाळ भरून राहिला होता. तोवर गाडी नुसती उभी होती. आता ती मरणार हे निश्चित झाले. माणसाच्या आयुष्यातले बरेच निर्णय अशा सक्तीतून होतात. गाळ वाळण्यापूर्वी इंजिन उघडले नाही तर ते पुन्हा कधीच उघडणार नाही, असे उद्यमनगरातल्या एका वयोवृद्ध मेस्त्रींनी सांगितले, आणि त्यांनी ते सांगितले ते आपल्या पान्यांची पेटी बरोबर घेऊन येऊनच.

मेस्त्री आले तसे इतरही येत गेले. कोल्हापुरात जुन्या यंत्रांचा नाद असलेली मंडळी थोडीथोडकी नाहीत. कोणाकडे युद्धातली जीप आहे, कोणी लॅम्ब्रेटा उघडून बसलेला आहे, कोणी आपल्या आजोळच्या विहिरीवरचे ऑइल इंजिन आणून अंगणात मांडले आहे. रविवार उजाडला की ही मंडळी ज्याच्या घरी काम अडले असेल त्याच्या घरी जमतात. आमच्या अंगणात जमू लागलेल्यांत पदार्थविज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक होते, ज्यांना प्रत्येक गोष्टीचे कारण हवे असे, लेथवर हयात घालविलेले एक टर्नर होते, ज्यांना कारण नको असे, माप हवे असे, मेस्त्रींचा नातू शोभावा अशा वयाचा एक डेंटर होता, आणि गादीकामाचे दुकान स्वतः चालविणाऱ्या, सगळ्यांच्या वहिनी असलेल्या एक बाई होत्या, ज्यांनी पहिल्याच दिवशी सीटच्या स्प्रिंगा तपासून “ह्या पुन्हा पन्नास वर्षे जातील, तुम्ही जाल का?” असे विचारून सर्वांना गप्प केले. मिशिगनमध्ये राहणारा माझा आतेभाऊ कारखान्याची दुरुस्तीपुस्तिका मिळवून तिच्या पानांची छायाचित्रे पाठवी आणि सुट्टीवर येताना कपड्यांच्या बॅगेत ब्रेकचे सिलिंडर घालून आणी.

तोच एकदा सांगत होता, की अमेरिकेत या गाडीच्या बहुतेक सर्व भागांच्या नव्या प्रती तयार होतात. दाराचे रबर, पेटीच्या पट्ट्या, मडगार्डे, सारे टपालाने घरपोच येते, आणि पैसा व चिकाटी असेल तर मनुष्य एकटाच आपल्या गॅरेजात हे काम तडीस नेऊ शकतो. आमच्याकडे तशी सोय नव्हती. येथे जो भाग हवा तो कोणाला तरी करावा लागे: कोणी सांगाडा ओतून देई, कोणी कातून, कोणी रबराचा साचा करून. स्नेहीमंडळ हे आमच्या बाबतीत छंदाचे भूषण नव्हते. ती या कामाची पहिली अट होती. आणि हे करून देणारे हात या नगरात अद्याप सापडतात, याचे श्रेय आमच्या मेस्त्रींच्याही आधीच्या, म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांच्या त्या जुन्या पिढीला आहे, जिने शाळेतल्या पदव्यांवाचून केवळ निरीक्षण आणि हातोटी यांच्या बळावर येथे यंत्रोद्योग उभा केला.

या सर्व कामात माझ्या मनाला सर्वांत अधिक गुंतवून ठेवले ते बेअरिंगांनी. या गाडीचे इंजिन सहा सिलिंडरांचे, २१६.५ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे. आजच्या इंजिनात तेलाचा पंप प्रत्येक सांध्यापर्यंत दाबाने तेल पोचवितो. या इंजिनात तो मुख्य बेअरिंगांना तसे तेल देतो, परंतु पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडांना देत नाही. त्या रॉडांच्या तळाशी छोट्या पळ्या बसविलेल्या असतात, आणि क्रँक फिरताना त्या खालच्या पन्हाळींत बुडून आपले तेल आपण उचलून घेतात. रॉडाच्या पोटात जो मऊ धातू असतो तोही वेगळा आणून बसविलेला नसतो. तो तेथेच ओतलेला असतो. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मिश्रधातू मॅसॅच्युसेट्समधील आयझॅक बॅबिट नावाच्या मूळच्या सोनाराने १८३९ मध्ये शोधून काढला. त्याची खुबी त्याच्या दुहेरी स्वभावात आहे: मऊ कथिलात अँटिमनीचे कठीण स्फटिक विखुरलेले असतात, त्यामुळे भार स्फटिक सोसतात, कथील किंचित झिजून तेलाला जागा करून देते, आणि तेलातून धुळीचा एखादा कण आलाच तर तो त्या मऊपणात रुतून बसतो व क्रँकच्या पोलादाला ओरखडा पडत नाही. आम्ही रॉड सोडविले तेव्हा त्या पांढुरक्या धातूत असे असंख्य काळे ठिपके रुतलेले दिसले. ती पुराची माती नव्हती. गगनबावड्यापासून सांगलीपर्यंतच्या कच्च्या रस्त्यांची, आजोबांच्या हयातीतली धूळ होती ती. आणि खाली क्रँक मात्र निष्कलंक.

हा धातू पुन्हा ओतावयाचा होता. येथे आमच्यात तट पडले. कोणी म्हणाले, पूर्ण दाबाने तेल मिळणारे नंतरच्या काळातले इंजिन शोधून बसवा. कोणी म्हणाले, डिझेल इंजिन टाका, त्या काळच्या पेट्रोल ट्रकांना लोक सर्रास पर्किन्स टाकीतच होते. हा दुसरा सल्ला ऐतिहासिक दृष्ट्या खोटा नव्हता. मेस्त्रींनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाले, “डिझेल घालायचं असंल तर मला कशाला बोलीवलंसा? कुणीबी घालंल की.” तेथे वाद मिटला. तरुणपणी ऑइल इंजिनांच्या कारखान्यात त्यांनी बॅबिट ओतलेले होते, आणि गुऱ्हाळावरच्या चरकांची बेअरिंगे तर अगदी अलीकडेपर्यंत भरून दिली होती. त्या विद्येला आता गिऱ्हाईक उरले नव्हते इतकेच.

ओतण्याच्या दिवशी त्यांनी अंगणातली सर्व बडबड बंद करविली. आधी रॉडातला जुना धातू वितळवून काढला, आतला पृष्ठ घासून लख्ख केला, आणि नवसागर लावून त्याला कल्हई केली. ती नीट धरली नाही तर वरचा धातू पोलादाला चिकटत नाही, नुसता जवळ बसून राहतो. मधल्या दांड्याला दिव्याची काजळी धरली, म्हणजे धातू तेथे चिकटू नये. फटी ओल्या मातीने लिंपल्या. भट्टीवरच्या मुशीत धातू पातळ झाल्यावर त्यांनी देवदाराची एक काटकी मागितली आणि ती धातूत बुडवून काढली. काटकी पेटली तर धातू फार तापला. कोरी निघाली तर अजून थंड आहे. तपकिरी होऊन करपली म्हणजे वेळ आली. प्राध्यापकांनी आपला विजेवरचा तापमापक आणला होता. त्यांनी अंश सांगितले, मेस्त्रींनी मान हलविली, आणि काटकी दुसऱ्यांदा बुडविली. मग वरची मळी पळीने सारून एका धारेत, मध्ये हात न थांबविता, पहिला रॉड भरला. धार मध्येच तुटली तर आधीचा थर निवतो, पुढचा त्याच्याशी एकजीव होत नाही, आणि तो सांधा शेकडो मैलांनंतर केव्हा तरी दगा देतो.

त्यानंतरचे काम टर्नरचे. रॉड लेथवर कातून झाले की क्रँकला निळा रंग लावावयाचा, रॉड बसवून फिरवावयाचा, आत जेथे निळे डाग उमटतील तेवढेच उंचवटे स्क्रेपरने खरवडावयाचे, पुन्हा रंग, पुन्हा फिरविणे. फट असावी इंचाच्या दीड-दोन सहस्रांशांची, आणि ती झिजेल तसतशी कमी करता यावी म्हणून टोपीखाली पातळ पत्र्यांचे शिम घातलेले. झिजणार हे गृहीत धरून झिजेची भरपाई करण्याची सोय आधीच ठेवणारी ही रचना मला आजच्या बंद डब्यांच्या यंत्रविद्येपेक्षा अधिक सभ्य वाटते. टर्नरांना हे माझे मत पसंत पडले नाही. ते म्हणाले, “आजची बेअरिंगं लाख मैल जातात. हे लाड कोण करणार?” त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि तरीही माझे मत कायम आहे.

इग्निशनचे टायमिंग लावताना मात्र सर्वांनाच हर्ष झाला. या इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये पोलादाची एक बारीक गोळी ठोकून बसविलेली असते, आणि आवरणाला ठेवलेल्या एका छोट्या खिडकीतून ती गोळी काट्यासमोर आली की पहिल्या सिलिंडरची ठिणगी पडावयास हवी. ती गोळी गाळाखाली, गंजाखाली, सत्तर वर्षांच्या काजळीखाली होती. डेंटर पोराने चिंधी फिरवून ती शोधून काढली आणि इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या मळ्यातले लोक साप निघाला समजून काठ्या घेऊन आले.

विजेचा प्रश्न लवकर सुटला. गाडी सहा व्होल्टांची. बारा व्होल्टांची करून टाका, असा सल्ला प्रत्येक पाहुणा देई. व्होल्टेज निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट, आणि प्रवाह दुप्पट म्हणजे तारा जाड हव्यात, एवढेच त्यात मर्म आहे, असे प्राध्यापकांनी फळ्यावर लिहावे तसे जमिनीवर खडूने लिहून दाखविले. जाड केबली घातल्या, जोडांवरचा गंज काढला, बॅटरीवाल्याकडून तीन सेलांची मोठी बॅटरी बांधून घेतली. आता पायाने स्टार्टरची कळ दाबली की इंजिन सावकाश फिरते, परंतु फिरते.

खरा वाद पत्र्याचा. डेंटरच्या हातात कला होती आणि उत्साह त्याहून अधिक होता. कॅबचे खालचे कोपरे, पायाखालची जमीन, दारांचे तळ, जेथे जेथे पाणी साठते तेथे तेथे पत्रा जाळीदार झाला होता. तो त्याने कापून काढला, नवा पत्रा वळवून, ठोकून, वेल्ड करून बसविला, आणि लांबी जवळजवळ न भरता कडा जुळविल्या. इथवर दुमत नव्हते. मग तो डाव्या मडगार्डाकडे वळला. तेथे मध्यभागी एक खोलगट पोचा होता आणि त्याच्या तळाशी बोटाएवढे भोक. “सर, हे दोन तासांचं काम हाय. घडी दिसणार न्हाई,” तो म्हणाला. मी त्याला खतावणीतली ती नोंद वाचून दाखविली.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संस्थांचा जो महासंघ आहे, फिवा, त्याने २०१२ मध्ये तुरिन येथील सनद म्हणून एक दस्तऐवज स्वीकारला. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला झालेल्या सनदेचा आदर्श त्याच्यापुढे आहे. गाडीने आपल्या आयुष्यात जे सोसले त्याच्या खुणाही तिच्या वारशाचाच भाग होत, आणि शक्य तेथे नवे करण्यापेक्षा आहे ते राखावे, असा त्याचा मथितार्थ. मला हे तत्त्व मान्य आहे, परंतु त्याची मर्यादाही मला आमच्या अंगणातच उमगली. गंज हा इतिहास नव्हे. तो निव्वळ हवा आणि पाणी यांचा व्यापार आहे, आणि त्याच्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही. बैलाचे शिंग हा इतिहास आहे, कारण त्यात एक बाजार आहे, एक बैल आहे, आणि ‘चालते आहे’ असे म्हणून पुढच्या खेपेला निघालेला एक मनुष्य आहे. ओझ्याच्या गाडीचे मूळ रूप कोणते, असे कोणी विचारले तर मी शिवडीच्या दारातून बाहेर पडलेली कोरी गाडी दाखविणार नाही. त्या दिवशी ती काहीच झाली नव्हती. ती जी झाली ती भरलेल्या पेटीने, मेस्त्र्यांच्या जोडकामाने, आजोबांच्या काटकसरीने. तिला पुन्हा उभी करावयाची तर दिसण्यापेक्षा वाहण्यास समर्थ करून उभी करावी, एवढाच माझा आग्रह होता. पोचा राहिला. भोकाच्या आतल्या बाजूने मात्र गंजरोधक लावून घेतले.

हाच पेच रंगाच्या बाबतीत पडला. खरवडत गेलो तसा आधी तांबडा ऑक्साइड निघाला, त्याखाली निळा, आणि कॅबच्या आत, हातकप्प्याच्या मागे, जेथे कोणाचा ब्रश पोचला नव्हता तेथे, कारखान्याचा तो गडद अरण्यहिरवा, जो त्या वर्षांत या गाड्यांचा नेहमीचा रंग होता. प्राध्यापक हिरव्याच्या बाजूचे, कारण तो प्रमाण. मेस्त्री निळ्याच्या बाजूचे, कारण लहानपणी शाहूपुरीत त्यांनी ही गाडी निळीच पाहिली होती. मी निळ्याला कौल दिला: तिने अधिक खेपा त्या रंगात केल्या. हातकप्प्यामागची वीतभर हिरवी जागा आम्ही तशीच उघडी ठेवली आहे, आणि प्राध्यापक येणाऱ्या प्रत्येकाला ती आवर्जून दाखवितात.

पेटीची जमीन लाकडी. फळ्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या आणि त्यांतून बोल्ट, अशी मूळ मांडणी. फळ्या बदलता याव्यात म्हणून. आमच्या गाडीत मधल्या काळात कोणी तरी वरून पत्रा ठोकला होता. तो काढला तेव्हा खालच्या सडक्या फळ्यांवर काळा, काचेसारखा कठीण थर सापडला. तो गूळ होता. ढेपांतून पाझरलेली काकवी वर्षानुवर्षे फटींत उतरून तेथे दगड होऊन बसली होती. वहिनींनी त्याचा तुकडा नखाने टिपून जिभेवर ठेवला आणि “अजून कडू नाही झाला,” असा निर्वाळा दिला. नव्या फळ्यांसाठी सागवान की बाभूळ यावर सुताराशी घासाघीस झाली. साग दिसावयास चांगला आणि पाण्याला टिकणारा. परंतु या मुलखात बैलगाडीला बाभूळ घालण्याची वहिवाट आहे, कारण ती आघात सोसते. जेथे ढेपा आदळतील तेथे आघाताचाच विचार मोठा. बाभूळ घातली. सुताराच्या पात्याची धार मात्र तिने गिऱ्हाइकाच्या खर्चाने पुरती काढून घेतली.

आणि मग सरकारी कागद. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही खूण. ज्यांची नोंदणी आधीच आहे त्यांना आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नियम चांगले आहेत, कारण त्यांच्यापूर्वी अशा गाड्यांना धड हयातीचा दाखला नव्हता की मृत्यूचा. परंतु त्यांत एक कलम असे आहे की विंटेज गाडी रस्त्यावर नित्य वापरावयाची नाही आणि धंद्यासाठी तर मुळीच नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्याच कारणांनी तिने बाहेर पडावे. राजवाड्याच्या मोटारीला हे कलम जाचत नाही. ती पूर्वीही ओझे वाहत नव्हती. जिचा जन्मच खेपांसाठी, तिला सन्मानाची पाटी हवी असेल तर खेपा कायमच्या सोडाव्या लागतात. अर्ज घेणाऱ्या कारकुनांनी, जे फार सौजन्याने वागले, मला विचारले, “पूर्वीचा वापर?” मी म्हणालो, “गूळ.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि त्या रकान्यात ‘मालवाहू’ असे लिहून, हे आता खासगीत कसे बसवावयाचे याचा खल करण्यासाठी वरिष्ठांच्या टेबलाकडे गेले.

कागद तेथे असतानाच चाचणीचा रविवार आला. इंधन भरणे आणि दुरुस्ती यांना नियमाची मुभा आहे, असे प्राध्यापकांनी सर्वांना बजावले, आणि आम्ही मळ्यातल्या वाटेवरच एक फेरी काढली. इंजिन गोड चालत होते. मागची बाजू मात्र प्रत्येक खड्ड्यावर इतकी उसळे की मागे उभ्या राहिलेल्या डेंटरने दोन्ही हातांनी कॅब धरली. मेस्त्रींनी गाडी थांबविली, खाली वाकून स्प्रिंगांची पाटी पाहिली आणि म्हणाले, “मोकळी हाय म्हणून उडतीया. ह्या पाट्या वझ्यासाठी केल्याती. पाठीवर काय तरी टाका, मग बघा कशी बसती.”

प्राध्यापकांनी नियमांचे कागद काढले. धंद्याचा माल नको, हे तर स्पष्टच होते. माणसे बसविली तर तो निराळा गुन्हा. स्वतःचा माल स्वतःच्या मळ्यात नेला तर तो वापर की नव्हे, यावर पंधरा-वीस मिनिटे विचारविनिमय झाला. टर्नर म्हणाले की स्प्रिंग तपासण्यासाठी टाकलेले वजन म्हणजे माल नव्हेच, ते माप आहे, आणि माप दुरुस्तीत मोडते. हा युक्तिवाद सर्वांना पटला. वहिनींनी तोवर पोरांना हाक मारून शेडच्या कोपऱ्यातली वाळूची पोती काढावयास लावली होती; मेस्त्री एकेक पोते पेटीत कोठे ठेवावयाचे ते बोटाने दाखवीत होते, आणि सहावे पोते चढले तेव्हा म्हणाले, “अजून चार येऊ द्या. अर्धा टन ही कंपनीची भाषा झाली.”